कुशीवर वळून

आयर्लंडमधल्या शॅनन गावात घरांच्या आतल्या भिंती पोकळ असतात. बोटाने टकटक केलं की डबा वाजावा तसा प्लास्टरबोर्ड वाजतो. हे मला इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण मी हातोडी आणि हूक घेऊन भिंतीला भिडले होते. पुण्यात मॉडेल कॉलनीतल्या रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्थेत मी जे काही शिकले, त्यातलं अर्धं भिंतीवरच्या दोरांनी शिकवलं. दोरावर भार टाकून पुढे झुकलं की कंबर आपोआप लांबते. इथे हुकासकट भिंतच हातात आली असती, डिपॉझिट गेलं असतं ते वेगळंच.

मग दार हाताशी धरलं. दार अर्धवट उघडं ठेवायचं, पट्टा दोन्ही बाजूंच्या मुठींना अडकवायचा, त्या फासात शिरून तो जांघेवर घ्यायचा, दाराकडे पाठ करून पुढे चालत जायचं आणि हात जमिनीला टेकायचे. अधोमुख श्वानासन. पट्टा मांड्या मागे ओढतो, कणा पुढे सुटतो, कमरेला काही करावं लागत नाही. फक्त घरातल्यांना आधी सांगून ठेवायचं. एकदा नवऱ्याने चहाचा कप घेऊन दार ढकललं होतं. आम्ही दोघंही बचावलो, चहा नाही.

शॅनन हे विमानतळामुळे वसलेलं गाव. 1959 साली विमानतळालगत करमुक्त औद्योगिक क्षेत्र सुरू झालं आणि तिथल्या कामगारांसाठी साठच्या दशकात खाडीकाठी घरं उभी राहिली. मंगळवारी संध्याकाळी भाड्याच्या हॉलमध्ये माझा वर्ग असतो, त्यात गावातल्या कामांच्याच पाठी येतात. विमानाच्या चाकांच्या कप्प्यात अंग दुमडून आठ-आठ तास काम करणारा मेकॅनिक, वृद्धाश्रमात माणसं उचलणारी केरळची नर्स, दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी मुलं. कंबरदुखीला पासपोर्ट लागत नाही.

माझी स्वतःची पाठ पहिल्यांदा धरली ती कॉलेजात असताना, गावी, विहिरीवरून कळशी उचलताना. उसण भरली. आजीने शेक दिला आणि शेजारच्या वाड्यातल्या एका काकूंना बोलावलं, कारण त्या पायाळू होत्या, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले होते. पायाळू माणसाने पाय लावला की उसण जाते, हा आमच्याकडचा पक्का समज. काकूंनी संकोचत माझ्या कमरेला तीनदा पाय लावला. चार दिवसांनी मी चालायला लागले. आज मला माहीत आहे की बहुतेक उसणी काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपल्या आपणच ओसरतात आणि श्रेय काकूंना मिळतं. योगशिक्षकांना मिळणारं बरंचसं श्रेयही याच जातीचं असतं, हे आमच्या धंद्यात कोणी मोठ्याने बोलत नाही.

जुनाट दुखणं मात्र वेगळं. ते तीन महिने उलटले तरी जात नाही आणि तिथे पायाळू काकू चालत नाहीत. मागच्या हिवाळ्यात सांगलीकडचा एक मुलगा आला. “ताई, मला फक्त पश्चिमोत्तानासन नीट शिकवा. अंगठे धरता आले की कंबर मोकळी होईल.” त्याने ते कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं आणि महिनाभर रोज सकाळी पायाचे अंगठे ओढत होता. मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडांना जोडलेले असतात. ते आखडलेले असले की कटी पुढे कलत नाही आणि सगळा वाक कमरेच्या मणक्यांवर पडतो. म्हणजे ज्या जागेला विश्रांती हवी, तिलाच तो रोज सकाळी राबवत होता.

त्याला ओरडायचा हक्क मला नव्हता. शिकवायला लागले त्या काळात मी एका बाईंच्या पाठीवर याच आसनात तळहात ठेवून हलकेच दाबलं होतं. हलकेच, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठता आलं नाही. त्या पुन्हा आल्या नाहीत. तेव्हापासून पुढे वाकलेल्या पाठीवर मी हात ठेवत नाही.

त्या मुलाला मी ओट्यापाशी उभं केलं. हात ओट्यावर, पाय मागे, धड जमिनीला समांतर. मग पाठीवर झोपून एका पायाला पट्टा, दुसरा गुडघा वाकलेला. मग खुर्चीवर बसून भारद्वाजासन. शेवटी पोटऱ्या खुर्चीवर टाकून दहा मिनिटं. “एवढंच?” असं त्याने दोनदा विचारलं. एवढंच. आधाराने करणं म्हणजे कमीपणा, हा समज पुरुषांत जास्त. 1937 साली पुण्यात आलेल्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी विटा, पट्टे, दोर, खुर्च्या यांचं जे शास्त्र उभं केलं, ते याच समजुतीशी भांडत.

योगाने दुखणं जातं का? इंग्लंडमध्ये 313 जणांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांच्या योगवर्गानंतर लोकांची रोजची कामं, चालणं, वाकणं, उठबस, इतरांपेक्षा सुधारली आणि वर्षभरानंतरही फरक टिकून होता. वेदनेच्या आकड्यात मात्र फारसा फरक दिसला नाही, आणि काहींचं दुखणं वर्गामुळे वाढलंही. मला हा निकाल खरा वाटतो. माझा मेकॅनिक आजही म्हणतो की पाठ दुखते. पण आता तो बूट स्वतः घालतो. आणि कोणाच्या पायांत बधिरपणा वाढत असेल, लघवीवरचा ताबा गेला असेल किंवा तापासोबत पाठ दुखत असेल, तर अशा माणसाने माझ्याकडे येऊच नये, थेट हॉस्पिटल गाठावं. हे मी पहिल्याच दिवशी सांगते.

वर्गात सगळ्यात जास्त वेळ मी ज्यावर घालवते, त्याला नावच नाही. शवासनातून उठणं. झोपल्या जागेवरून झटक्यात ताठ उठून बसायची सगळ्यांना सवय असते आणि तासभर सैल केलेली कंबर त्या एका झटक्यात पुन्हा आवळली जाते. आजी रोज पहाटे उजव्या कुशीवर वळायची, तळहात टेकायची, मग उठायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही. मी तेच शिकवते, आधी गुडघे वाकवा, कुशीवर वळा, थांबा, हाताने रेटा, डोकं शेवटी. मेकॅनिकला ते जमायला तीन आठवडे लागले. आता तो विमानाच्या कप्प्यातूनही असाच बाहेर पडतो म्हणे.

वर्ग संपला की हॉलच्या खुर्च्या पुन्हा रचून ठेवायच्या असतात, चाळीस खुर्च्या, सहा-सहाच्या चळतीत. त्या उचलताना गुडघे वाकवायला मी अजूनही विसरते, आणि मागून केरळची नर्स ओरडते.