तीन महिन्यांची नोटीस

५८व्या वर्षी माणूस निवृत्त होतो. ५२व्या वर्षी तो निवृत्ती घेतो. एक क्रियापद बदललं की लोकांची नजरही बदलते. जो 'होतो' त्याला शाल, श्रीफळ आणि चार भाषणं मिळतात. जो 'घेतो' त्याला जिन्यात गाठून विचारतात, "तब्येत बरी आहे ना?" ठणठणीत आहे म्हटलं की आवाज आणखी खाली येतो. "मग चौकशीबिवकशी लागलीय का?" मला दोघांनी मिळून देश बघायचाय, एकेका गावात महिना महिना राहायचंय, हे कारण कुणालाच पुरेसं वाटत नाही. आमच्या हेडक्लार्कना मी मधुमेह सांगितला असता तर त्यांचं नक्की समाधान झालं असतं.

नियमाची अडचण नाही. सरकारी नोकरीत २० वर्षं भरली की तीन महिन्यांची नोटीस देऊन माणसाला बाहेर पडता येतं. खरा घोळ पैशांचा. माझा मेव्हणा बँकेत आहे, त्यामुळे घरातल्या प्रत्येक आनंदाच्या प्रसंगी तो कॅल्क्युलेटर घेऊन हजर असतो. त्याने मांडणी केली: महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. म्हणजे आज १०० रुपयांना मिळणारं ताट माझ्या ६४व्या वर्षी २०० ला, ७६व्या वर्षी ४०० ला.

"आणि ८८व्या?" मी विचारलं.

"८००. पण तेव्हा भूक कमी असते, दाजी."

विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ साली हिशेब मांडला होता, तोही त्याने ऐकवला. पहिल्या वर्षी पुंजीतले ४ टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत न्यायची, की पुंजी ३० वर्षं पुरते. थोडक्यात, वर्षाच्या खर्चाच्या २५ पट गाठीला हवेत. हे गणित अमेरिकेतल्या शेअरबाजाराचं आणि तिथल्या महागाईचं. आपल्या मंडईतल्या कोथिंबिरीला ते लागू पडेलच असं नाही. शिवाय मी जुन्या पेन्शनवाला. पेन्शनचा काही भाग, जास्तीत जास्त ४० टक्के, विकून एकरकमी पैसे घेता येतात आणि १५ वर्षांनी तो भाग परत सुरू होतो. म्हणजे माझ्या ६७व्या वर्षी सरकार मला पगारवाढ देणार! नोकरीत असताना इतक्या खात्रीने ती कधी मिळाली नव्हती.

"मग ५८ पर्यंत थांबा की," असं सगळे म्हणतात. आमचे वडील थांबले होते. निवृत्तीनंतर फिरायच्या गावांची यादी त्यांनी जुन्या डायरीत फार सुवाच्य अक्षरात केली होती. ५८ पूर्ण झाली तेव्हा वडील म्हणाले, "चला." गुडघे म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." यादीतली दोन गावं झाली, अकरा राहिली. कुणी ६० पर्यंत थांबायला सांगतात, रेल्वेच्या सवलतीसाठी. पुरुषांना ६० नंतर तिकिटात ४० टक्के सूट होती खरी, पण २०२० च्या मार्चमध्ये ती गेली. सवलती थांबत नाहीत, गुडघे थांबत नाहीत; थांबायचं ते फक्त आपण.

तेव्हा तयारी सुरू झाली. दिब्रुगड ते कन्याकुमारी ही चार हजारांहून अधिक किलोमीटर धावणारी गाडी मी आधी निश्चित केली. मग कळलं की नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६०च दिवस आधी करता येतं. तीस वर्षांचा बेत आखून बसलेल्या माणसाला रेल्वे म्हणते, दोन महिन्यांपलीकडचं आम्हाला सांगू नका. नर्मदेची परिक्रमाही यादीत आहे. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, मध्ये ओलांडायची नाही, आणि परंपरेने काळ ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवस. हा '१३ दिवस' मला फार आवडला. इतका काटेकोर हिशेब आमच्या ऑफिसातही कुणी ठेवत नाही. दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा, तोसुद्धा २०१४ पासून अंगठा टेकवून कुठूनही देता येतो. घरही मार्गी लागलं. तुळस शेजारी, किल्ली मेव्हण्याकडे, सिलिंडर बंद, लोणच्याच्या बरण्या ज्याच्या त्याच्या नशिबाने.

हे सगळं मी हिला एका संध्याकाळी वहीतून वाचून दाखवलं. ही भाजी निवडत होती. राहण्याचा रकाना आला: "स्वयंपाकघर असलेली खोली भाड्याने घेणे, हॉटेलपेक्षा निम्मा खर्च." हिने भाजीतून मान वर केली.

"म्हणजे तुम्ही ऑफिसातून सुटणार. आणि मी या ओट्यावरून उठून दिब्रुगडच्या ओट्यावर?"

वहीत याचा रकाना नव्हता. मेव्हण्याच्या कॅल्क्युलेटरलाही तो सापडला नसता. २९ वर्षं हिची सेवा अखंड आहे. त्यात ना किरकोळ रजा, ना अर्जित. आजारपणातसुद्धा हिने पडल्यापडल्या "मीठ घातलंत का?" एवढं काम केलेलंच आहे.

"माझी २० कधीच भरली," ही म्हणाली. "तीन महिन्यांची नोटीस मीही देते." आणि खरोखरच उठून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल केला. माझ्या अर्जाला पोच मिळायला नऊ दिवस लागले होते. हिचा अर्ज जागच्या जागी मंजूर झाला, कारण अर्जदार आणि मंजूर करणारा अधिकारी एकच होता.

आता आमच्याकडे दोन नोटिसा चालू आहेत. ऑफिसात मी माझ्या टेबलाचं काम एका तरुणाला समजावून देतो. घरी ही मला तिच्या टेबलाचं काम समजावून देते. तो तरुण हुशार आहे. वरण-भात झाला, पोहे झाले, कणीक अजून विचाराधीन आहे. वहीतला रकाना आम्ही दुरुस्त केला: चहा आणि सकाळचं माझ्याकडे, रात्रीचं बाहेर, आणि दुपारी ज्याला भूक आधी लागेल त्याने उठायचं.

राहता राहिलं पहिलं गाव. मी नकाशा पसरला, दिब्रुगडवर बोट ठेवलं, मग अमरकंटकवर. ही नकाशाकडे बघेचना.

"कुठेही चालेल," ती म्हणाली. "फक्त सकाळी उठल्याउठल्या 'आज काय करू?' असं मला कुणाला विचारावं लागणार नाही, एवढं बघा."

तसं गाव नकाशात दाखवलेलं नाही. पण कणीक जमली तर सापडेल.