घोड्यावरचा राजा

गुडघ्याच्या दुखण्यामुळे हल्ली केईएमला खेपा होतात. रांगेत बसलं की मन भरकटतं. १९२६ पासून सातव्या एडवर्डच्या नावाच्या या इमारतीत निम्मं गिरणगाव जन्मलं असेल. राजाची आठवण कुणाला? फोर्टात तो काळ्या घोड्यावर बसलेला होता. लोकांनी चौक ओळखला तो घोड्यावरून. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला, तरी काळा घोडा जागचा हलला नाही. २०१७ मध्ये तर तिथे बिनस्वाराचा नवा घोडा आला! बागेचं जिजामाता उद्यान झालं, तरी आमच्या तोंडी राणीचीच बाग. व्हीटीचंही तसंच. याला आळस म्हणावं की माया, ठरत नाही. व्हिक्टोरियाचं प्रेम मात्र नक्की नाही; असलंच तर आईचा हात धरून पाहिलेल्या हत्तीचं.