उघडी बंदूक

इंग्लंडमधील आमच्या गावाबाहेर, एका शेतकऱ्याच्या उतरत्या कुरणावर, रविवारी सकाळी मातीची कबुतरे, म्हणजे हवेत उडविलेल्या चकत्या, मारणाऱ्यांचा क्लब भरतो. आणि शस्त्राशी ज्याचा संबंध दसऱ्याच्या पूजेपलीकडे कधी गेला नाही अशा माझ्यासारख्या माणसाला तेथे प्रथम शिकविण्यात आले ते बंदूक बाळगण्याचे शिष्टाचार. ती झाडण्याची पाळी पुष्कळ उशिरा आली. बाराबोरची दुनळी बिजागरीशी उघडून, नळ्या रिकाम्या असल्याचे कोणालाही न विचारता दिसेल अशी, हातावर आडवी टाकून हिंडावयाचे. काडतूस भरावयाचे ते आपल्या जागेवर, नळीचे तोंड मैदानाकडे असताना. आणि बार झाला की ती पुन्हा उघडावयाची. सबंध सकाळीत बंदूक मिटलेली असते ती काही क्षणच, आणि या क्रीडेचे खरे सौंदर्य मला त्या उघडेपणातच दिसते.

स्वतःची बंदूक ठेवावयाची तर पोलिसांचा पाच वर्षे मुदतीचा परवाना, ओळखीच्यांचा हवाला, डॉक्टरकडील माहिती आणि घरातील कुलूपबंद कपाट पाहावयास येणारा अंमलदार, असा सारा सरंजाम लागतो. शिकाऊ माणसाला मात्र 1968 च्या कायद्यातील सवलतीने मंजूर मैदानावर बिनपरवाना नेम धरता येतो.

या चकत्यांपूर्वी पेटीतून जिवंत कबुतरे सोडून मारीत. 1900 साली पॅरिसला ऑलिंपिकच्या निमित्तानेही ती मारली गेली. कोंडलेल्या पाखरांवरील हा नेमबाजीचा खेळ ब्रिटनने 1921 साली कायद्याने बंद केला. तत्पूर्वीच, 1880 च्या सुमारास, अमेरिकेतील जॉर्ज लिगोव्स्की यांनी भाजक्या मातीची चकती काढली होती. आजच्या चकतीत मातीही उरलेली नाही. अकरा सेंटिमीटर व्यासाची, शंभरेक ग्रॅम वजनाची ही बशी डांबरी राळ आणि चुनखडीची भुकटी यांची असते. शिकारीची हौस कायम ठेवून तिच्यातील हत्या वजा करण्याचा हा व्यवहार मला इंग्रजी समाजाच्या शहाणपणाचा एक चांगला नमुना वाटतो.

आपल्याकडे द्रोणाचार्यांनीही परीक्षेसाठी वृक्षावर ठेवविला तो कारागिरांनी घडविलेला कृत्रिम पक्षीच होता. झाड, गुरू, बांधव यांपैकी काहीही न दिसता अर्जुनाला केवळ पक्ष्याचे मस्तक दिसले, आणि येथील वृद्ध शिक्षकाचा आग्रहही हाच, की नळी विसरा, दोन्ही डोळे उघडे ठेवा, नारिंगी कड तेवढी पाहा. पण द्रोणांचा पक्षी बसलेला होता. तीस मीटरांवरून आडवी जाणारी चकती छर्रे पोहोचेपर्यंत दीड-दोन मीटर पुढे सरकलेली असते. म्हणून दृष्टी तिच्यावर आणि नळी तिच्या पुढच्या रिकाम्या आकाशात, असा विलक्षण द्वैतभाव साधावा लागतो. नवशिक्याचा हात बार होताच थबकतो आणि छर्रे मागून जातात. शिक्षक उजव्या खांद्याशी उभे राहून "मागे" एवढेच म्हणतात. हात न थांबता फिरत राहिला, की चकतीच्या जागी काळ्या भुकटीचा लहानसा ढग होतो, आणि तो पाहावयास मिळावा म्हणून मी थंडीतही जातो.

बंदुकीचे नाव काढताच ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी एकदा येऊन कडेच्या बाकावर बसावे. त्यासाठी परवाना लागत नाही. कानांवर संरक्षक मात्र अवश्य घालावेत.