संध्याकाळचा डोंगर

डोंगर चढायचा तो पहाटे, असा आपल्याकडे शिरस्ता आहे. तांबडे फुटायच्या आत पायथा सोडायचा, ऊन तापायच्या आत माथा गाठायचा आणि दुपारी एखाद्या झाडाखाली शिदोरी सोडायची. संध्याकाळ ही उतरायची वेळ. गुरे उतरतात, मोळीवाल्या बाया उतरतात, करवंदांच्या पाट्या घेतलेली पोरे उतरतात. अशा वेळी जो उलट वर निघतो, त्याच्याकडे सगळा गाव थांबून पाहतो. आणि ते पाहणे फारसे कौतुकाचे नसते.

मला ही उलटी हौस सुचली ती एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो नोकरीनिमित्त स्कॉटलंडात असतो. त्याने लिहिले होते की, तिकडे जूनच्या मध्यावर सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पुढेही कितीतरी वेळ उजेड रेंगाळतो. मंडळी कचेरीतून सुटली की सायकल काढतात, दरीतल्या कच्च्या वाटेने पायथ्यापर्यंत जातात, सायकल कुठेतरी टेकवून पायी माथा गाठतात आणि उजेडीच घराकडे वळतात. सर ह्यू मन्‍रो नावाच्या गृहस्थाने १८९१ साली तीन हजार फुटांवरच्या स्कॉटिश डोंगरांची यादी प्रसिद्ध केली. ती एकेक करून पुरी करण्याचे तिकडे अनेकांना वेडच आहे म्हणे.

आमच्या शहापूरचा माहुली २८१५ फुटांचा. मन्‍रोसाहेबांच्या परीक्षेत तो १८५ फुटांनी नापास झाला असता. मास्तरकीच्या सवयीने मी त्याला तेवढे कृपागुण देऊन टाकले आणि सायकलीत हवा भरली.

ज्येष्ठातली त्रयोदशी होती. मिरग चार दिवसांवर आला होता, पण आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पावणेचारला शहापूर सोडले. आसनगावचा रेल्वेमार्ग ओलांडला की रस्ता माहुली गावाकडे जातो. दोन्ही अंगांना राब भाजून काळी पडलेली शेते, आणि समोर डोंगराच्या कडेला उभे असलेले सुळके. लोक त्यांना नवरा, नवरी आणि भटोबा म्हणतात. हे लग्न शतकानुशतके लागतेच आहे. अक्षता तेवढ्या पडायच्या राहिल्या आहेत!

पायथ्याशी सायकल ठेवली आणि वनखात्याच्या चौकीवर नाव नोंदवले. बरोबर पाड्यावरचा एक सत्तरीकडे झुकलेला ठाकूर बाबा होता. वाटेवरच विहीर लागली. तिच्याभोवती हंड्या-कळशांची रांग होती, आणि रांगेत आमच्या सहावीतली एक मुलगी.

“गुरुजी, या वक्ताला वर कशाला?” तिने विचारले. “वर पाणी हाय का?”

“नाही ग, सहज चाललोय.”

तो ‘सहज’ विहिरीवर कोणालाच समजला नाही. एका म्हातारीने तर बाबाकडे पाहून मास्तरांची प्रकृती बरी आहे ना, अशा अर्थाची मान हलवली.

ओढा कोरडा ठणठणीत होता. सोंडेवरच्या झाडीत शिरलो तेव्हा ऊन कलले होते, परंतु खडक अजून तव्यासारखे तापलेले होते. मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बाया वाट सोडून उभ्या राहत आणि आम्ही पुढे गेलो की मागे हसत. बाबा मात्र एका लयीत चढत होता. लोखंडी शिडी आली तेव्हा माझा श्वास भात्यासारखा चालला होता आणि तो विडी पेटवत होता.

या दगडांनी पुष्कळ पाहिले आहे. १६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात शहाजीराजांनी इथेच निजामशाहीचा शेवटचा डाव सोडला. १६६५च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना माहुली मोगलांना द्यावा लागला आणि १६७०च्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत घेतला. जूनमध्येच! तो चढ चढताना त्या माणसांच्या घशाला कशी कोरड पडली असेल, हे मला पुस्तक वाचताना कधी जाणवले नव्हते.

माथ्यावर खडकात खोदलेले टाके आहे. त्याच्या तळाशी पाणी होते; गार, हिरवट. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात बजावले आहे की, आधी पाणी पाहावे आणि मग गड बांधावा. राजे-सरदारांना जे कळत होते, ते बाबाला कुणी शिकवावे लागले नव्हते. आग्नेयेकडे मुरबाडच्या अंगाला बोट करून तो म्हणाला, “मास्तर, माझी लेक तिकडं दिलीय.”

“स्थळ चांगलं होतं?”

“नदी हाय गावाला.” त्याच्या लेखी यापुढे स्थळाची चौकशी करण्याजोगे काही उरत नव्हते.

मग तो उत्तरेकडे वळला. खाली रानापलीकडे तानसाचा जलाशय पसरला होता आणि मावळतीचा तांबूस उजेड त्याच्यावर पडला होता. हे धरण १८९२ साली मुंबईच्या पाण्यासाठी बांधले गेले. पुढे आमच्याच तालुक्यात भातसाचे धरण झाले. मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी आज तिथून जाते. आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईला तहान नाही असे कोण म्हणेल? आमच्यातल्या प्रत्येक घरचे कुणी ना कुणी तिथेच राहते. पण डोंगरावरून हे पाणी आणि ती विहीर एकाच नजरेत येतात, आणि मग नजर कुठे ठेवावी ते समजत नाही.

सव्वासातला सूर्य बुडाला. आपल्याकडचा संधिप्रकाश घाईचा. अर्ध्या तासात सगळे मिटले. पण चंद्र आधीच वर आला होता. शिडी सांभाळून उतरलो. झाडीच्या काळोखात चांदणे पोचत नव्हते. तिथे काजवे लागले होते. एक अख्खे झाड क्षणभर पेटे, विझे, पुन्हा पेटे. असे झाड दाखवायला स्कॉटलंडचा तो विद्यार्थी जवळ हवा होता.

पायथ्याशी आलो तेव्हा दहा वाजायला आले होते. विहिरीवर माणसे अजून होतीच. काही बाया हंड्यांना टेकून पेंगत होत्या. ती मुलगी आता विहिरीच्या तळाशी उतरली होती आणि झिऱ्याचे पाणी वाटीने कळशीत भरत होती. चांदण्यात मला ओळखून तिने खालूनच हाक दिली.

“गुरुजी, दिसलं का पाणी?”

“दिसलं.”

“लय हाय?”

“खूप आहे.”

“कुणाचं?”

सहावीच्या पुस्तकात याचे उत्तर नाही. मी गप्प राहिलो. तिलाही थांबायला वेळ नव्हता, वाटीभर पाणी पुन्हा साचले होते.

तिची कळशी वर आली, आईचा हंडा भरला. मी सायकल आणली. बाबाने हंडा मागे दोरीने आवळून बांधला, कळशी मुठीला अडकवली आणि मी सायकल हाताने ढकलत पाड्याची चढण धरली. मुलगी एका हाताने हंडा सावरत बरोबर चालत होती. पाणी फार सांडू दिले नाही.

आज हे लिहितो आहे तेव्हा दिवाळी तोंडावर आहे. भाताच्या कापण्या सुरू झाल्या आहेत, ओढ्यात पाय भिजतो आहे आणि त्या विहिरीतले पाणी वाकले तर हाताला लागते. पाड्यावर पणत्यांची तयारी चालली आहे. अशा दिवसांत ज्येष्ठातली ती रांग कुणाच्या ध्यानीमनी राहत नाही. म्हणूनच ती आता सांगितली.