पन्नास सायकल्सच्या केसरबाई

आम्ही धंद्याने इंजिनियर. मास्टर्स करायला इकडे आलो आणि राहिलो, एवढीच आमची कर्तबगारी. गाण्यातलं म्हणाल तर भूप कुठला नि देसकार कुठला हे सांगताना अजून घाम फुटतो. तरीही मंडळाच्या गणपतीत काकांनी आम्हालाच गाठलं. "अरे, तू डेटाबेसवाला ना? माझ्याकडे केसरबाईंच्या टेपा आहेत. यादी करून दे."

काका पंच्याऐंशीचे. १९६८ साली मुंबई सोडताना एका रसिक मित्राकडच्या केसरबाई केरकरांच्या रेकॉर्डी त्यांनी चार स्पूलवर उतरवून घेतल्या होत्या. डब्यांवरची शाई उडून गेलेली. पण प्रत्येक चिजेआधी तिशीतले काका स्वतः राग आणि लेबलावरचा नंबर खणखणीत सांगतात. जुनीच पद्धत ही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान गाणं संपलं की इंग्रजीत आपलं नाव सांगायची, कारण तबकड्या निघायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसांना गाणारी कोण ते कळायला हवं.

स्पूल इथे, पण मशीन दादरला काकांच्या भावाच्या माळ्यावर! २०२२ च्या भारतवारीत ते बारा किलोचं धूड आम्ही बॅगेत घालून आणलं. (सौ.ची लोणची आणि मेतकूट मागे राहिलं. त्याचा उल्लेख अजून होतो.) ट्रान्सफॉर्मर लावला, पट्टा बदलला, आणि मशीन चक्क चाललं.

आवाज मात्र विचित्र. बाई पातळ, घाईघाईने गातायत. काकांचा आवाज तर मुंज झालेल्या मुलाचा. आम्ही थट्टाही केली, "काका, तिशीतही आवाज फुटला नव्हता की काय?" काका हसले नाहीत. म्हणाले, "या केसरबाई नव्हेत. मी बाईंना समोर बसून ऐकलंय." आम्ही मनात म्हटलं, श्रवणयंत्राची बॅटरी गेली असणार. शेऱ्याच्या रकान्यात टाकलं, "आवाजाबद्दल शंका (काका)", आणि पुढच्या नोंदीकडे वळलो.

वर्षभर शनिवार-रविवार हेच. राग, ताल, नंबर, पट्टी, लांबी. आणखी एक रकाना रिकामाच राहिला, मॅट्रिक्स नंबरचा. हा तबकडीवरच कोरलेला असतो. लेबलं बदलतात, तो बदलत नाही, म्हणून जाणकार त्यावरच भरवसा ठेवतात. पण काकांनी तो वाचला नव्हता.

फेब्रुवारीत काका गेले.

एप्रिलमध्ये 'जात कहाँ हो' ची नोंद तपासत होतो. बाईंची ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. शिफारस संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांची. पण रेकॉर्ड बाजारात मिळेना. शेवटी ॲन ड्रुयन यांना न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या सामानाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तीन प्रती सापडल्या. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं. बाई १६ सप्टेंबरला गेल्या.

तर नासाच्या यादीत या भैरवीची लांबी ३ मिनिटं ३० सेकंद. आमच्या यादीत २ मिनिटं ५५ सेकंद. २१० भागिले १७५, म्हणजे १.२. म्हणजेच ६० भागिले ५०!

शाळकरी चूक. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल्स बदलत नाही. दादरची वीज ५० सायकल्सची, इथली ६० ची, आणि मशीनची मोटर विजेच्या तालावर फिरणारी. सगळं एक पंचमांश जलद, पेटीवर तीन पट्ट्या वर. टेपमागची गुणगुणसुद्धा आम्ही मोजली होती, बरोब्बर ६०. इथल्याच विजेची असं समजून गाळून टाकली. तीत मुंबईची ५० चीही होती, वेगाने पळून साठीला पोचलेली. आणि मुंजीतल्या मुलाचा आवाज वर्षभर कानाशी ओरडून तेच सांगत होता.

काँप्युटरवर वेग उतरवला आणि बाई आल्या. भरदार, घुमणारा, जराही घाई नसलेला तो आवाज. काका म्हणत होते तो.

एका रविवारी काकूंकडे गेलो. पहिला स्पूल लावला. "केसरबाई केरकर, राग..." काकांचा मुलगा स्वयंपाकघरातून बाहेर आला, कारण हुबेहूब त्याचाच आवाज. काकू हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गाणं सुरू झालं तसं म्हणाल्या, "अरे, थांब. गाणं नको. ते नाव सांगतात ना, तेवढं परत लाव."

चारही स्पूलमधलं तेवढंच लावलं. एकूण सहा-सात मिनिटं.

पट्टी आणि लांबीचे रकाने आता दुरुस्त केले आहेत. काकांचा शेरा तसाच ठेवलाय, फक्त पुढे "शंका रास्त" असं जोडलं. चौथ्या स्पूलची सुरुवात तुटलेली असल्यामुळे तीन चिजांचे राग लागलेले नाहीत. जयपूर घराण्याचे जोडराग कानाने ओळखणारं कुणी असेल तर मंडळामार्फत कळवा. कॅसेट म्हणा, सीडी म्हणा, काय हवं त्यात पाठवतो. वेग तपासूनच.