मुंग्यांमधला शक्तिमान

तुमच्या वॉचलिस्टमध्ये आत्ता किती गोष्टी पडून आहेत? माझ्या एकशे तीन! दिवसभर ऑफिसात एक्सेलशी झटापट करून घरी यायचं, ताट मांडीवर घ्यायचं आणि भात गार होईस्तोवर ‘काय बघू, काय बघू’ करत बसायचं. शेवटी लावायचं काय, तर चार वेळा बघून झालेलीच सीरियल. पण आ वासून शेवटचं कधी काही बघितलं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. २०२० चा उन्हाळा, मंडणगड.

रत्नागिरी जिल्ह्याचं हे उत्तर टोक. बाणकोटची खाडी ओलांडली की रायगड जिल्हा. तालुक्यात खाडीच्या बाजूला आमचं गाव. शिमग्याला गेले, पालखी नाचली आणि परत निघायच्या आत लॉकडाऊन. मग काय, ओटीवर लॅपटॉप, आणि रेंज हवी असेल तर आंब्याखाली. घरात आजी, काका-काकू, चुलतभाऊ, वहिनी आणि त्यांची सात वर्षांची लेक.

२८ मार्चला दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा सुरू केलं, डीडी भारतीवर ‘महाभारत’ आलं. आणि एप्रिलमध्ये दुपारी एकला चक्क ‘शक्तिमान’! माझा लंच टाइम फिक्स झाला.

१९९७ मध्ये ‘शक्तिमान’ सुरू झाला तेव्हा मीही सात वर्षांची होते. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, अँटेना कौलांवरच्या बांबूला. काका वर, मी दारात, आई टीव्हीसमोर. ‘आलं?’ ‘आलं!’ ‘आता?’ ‘गेलं!’ अर्धा एपिसोड मुंग्याच. त्या मुंग्यांतून गरगर फिरत तो यायचा आणि माझ्या डोक्यात त्याचा ड्रेस निळा होता. आकाशी निळा. तो लाल-सोनेरी आहे हे कळलं दापोलीला मामाकडे, कलर टीव्हीवर. मला ते अजिबात पटलं नाही. घरी परतल्यावर मी पुन्हा निळाच बघायला लागले.

आता सेट टॉप बॉक्समुळे एकही मुंगी नाही. स्वच्छ, लालभडक शक्तिमान. आणि खरं सांगू? फारच साधा वाटला हो! पुतणी तर दोन मिनिटांत म्हणाली, “आत्या, हे सगळं खोटंय.” मोबाइलवर सगळं जग बघितलेली पोरगी ती. आजीचं वेगळंच. ‘महाभारता’तले भीष्म आणि हा शक्तिमान एकच, मुकेश खन्ना, हे तिनं बरोब्बर ओळखलं. “दाढी काढली की केवढा तरणा दिसतो गो!”

एपिसोड संपला. पुतणी म्हणाली, “पुढचा लाव.”
“नाही लागत. उद्या.”
“उद्या म्हणजे?”
“उद्या दुपारी एकला.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की बस्स! शक्तिमानच्या उडण्याचं तिला काही वाटलं नव्हतं, ‘उद्या’चं मात्र भलतंच नवल वाटलं. रात्री अंथरुणावर तिनं पुढचा एपिसोड स्वतःच तीन वेगवेगळ्या प्रकारे रचला. दुसऱ्या दिवशी पावणेएकलाच टीव्हीसमोर हजर.

आणि मग ३ जून. ‘निसर्ग’ चक्रीवादळ खाडीपलीकडे श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं. आमच्याकडे काही तासांत कौलं उडाली, विजेचे खांब आडवे झाले. आजोबांनी लावलेली पोफळीची वाडी जमीनदोस्त. माड मुळासकट. लाईट पुढे कित्येक आठवडे नव्हती. घरात आम्हा सगळ्यांना जोरात बोलायचीही भीती वाटत होती. काका दोन दिवस पडवीत बसून होते, कुणाशी शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकला पुतणी सवयीनं काळ्या टीव्हीसमोर जाऊन बसली. आजी तिच्याजवळ टेकली. “आज मी सांगते, बाय.”

आजीचा शक्तिमान खाडीवरून आला. आधी विजेचे खांब उभे केले. मग वाडीत शिरला आणि एकेक पोफळ उचलून परत मातीत रोवायला लागला. किती रोवल्या, आजी मोजत होती. सत्तावीस, अठ्ठावीस...

पडवीतून आवाज आला, “त्याला म्हणावं, आधी फणस उचल. पोफळी दाबल्यात त्याच्याखाली.”

काका! दोन दिवसांत पहिल्यांदा. काकू पदर तोंडाला लावून रडत होती की हसत होती, कळेना. आणि मी आ वासून त्या बंद काचेकडे बघत होते.

वाडी काही उभी राहिली नाही. आता नवीन रोपं लावली आहेत, त्यांना वेळ लागेल. दूरदर्शनची जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रंही २०२२ च्या मार्चअखेरपर्यंत जवळजवळ सगळी बंद झाली. आता बांबू कितीही फिरवा, ‘आलं?’ला उत्तर नाही.

पण त्या दुपारी मी पुतणीला एक प्रश्न विचारला होता. आजीच्या गोष्टीतल्या शक्तिमानचा ड्रेस कुठल्या रंगाचा होता?

“हिरवा,” ती म्हणाली. तेही असं, की यात विचारायचं काय!

हल्ली आम्ही दोघी मिळून एकच सीरियल बघतो. ती मंडणगडला, मी मुंबईत. आठवड्याला एकच एपिसोड, रविवारी. संपला की तिचा फोन येतो, “बघितलास? पुढचा नाही हं बघायचा, आत्या!”