डब्यातली चिल्लर

कोणाला बागेचा नाद असतो, कोणाला गाण्याचा, कोणाला पुस्तकांचा. मला नाण्यांचा आहे. कारकुनाला आणि तोही हरसूलसारख्या आडबाजूच्या गावातल्या, नाण्यांचा नाद असावा हे ऐकून आमचे कार्यकर्ते मित्र हसतात. "साहेब, पगार पुरत नाही आणि तुम्ही पैसे साठवता!" असे म्हणतात. पण वाचकहो, माझा साठा फार मोठा नाही. बोर्नव्हिटाच्या एका रिकाम्या डब्यात तो सगळा मावतो. त्यात सोन्याचे काही नाही. बाजारात सुट्टे म्हणून हातात आलेली, कोणी नको म्हणून टाकलेली, कोणाच्या घरच्या मडक्यात सापडलेली नाणी आहेत. नाशिक-मुंबईचे नाणेसंग्राहक हजारो रुपये मोजून दुर्मीळ नाणी घेतात, तो मार्ग आपल्यासारख्यांचा नाही. पण या डब्याने आमच्या घरात जे घडवले ते सांगावेसे वाटते म्हणून हा लेखनप्रपंच.

डब्यातले पहिले नाणे माझे नव्हे, माझ्या आईचे आहे. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त सरकारने १९९० सालचे एक रुपयाचे नाणे काढले. एका बाजूला बाबासाहेबांचा चेहरा, दुसऱ्या बाजूला सिंहमुद्रा. मी तेव्हा पाचवीत होतो. आबा दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जात. एका शनिवारी हप्त्याच्या मजुरीत त्यांना हा रुपया मिळाला. त्यांनी तो वेगळा खिशात ठेवला आणि घरी आल्यावर आईच्या हातावर ठेवला. आईला अक्षरओळख नव्हती, पण चेहरा ओळखायला अक्षर कशाला लागते? तिने तो रुपया पदराच्या टोकाला बांधला.

पुढे पावसाळ्यात कामे बंद झाली. एक दिवस दुकानात तेल-मीठ घेताना रुपया कमी पडला. आईने पदर सोडला, रुपया दुकानदाराच्या पुढे ठेवला आणि म्हणाली, "शेट, हा गल्ल्यात टाकू नको. बाजूला ठेव. दोन दिसांत दुसरा रुपया देते, मंग हा मला दे." मी शेजारी उभा होतो. लोक दागिने गहाण ठेवतात, भांडी ठेवतात. रुपया गहाण ठेवून रुपयाचेच सामान नेणारी बाई दुकानदाराने पहिल्यांदाच पाहिली असावी. तो हसला, पण त्याने रुपया खरोखरच कागदात गुंडाळून फळीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी आईने कोणाच्या तरी आवणीला जाऊन मजुरी आणली आणि रुपया सोडवला. तोच आज डब्यात आहे. वर्षाच्या आकड्याखाली शंकरपाळ्यासारखी बारीक खूण आहे. म्हणजे तो मुंबईच्या टांकसाळीतला.

ही खूण काय असते ते मला पुष्कळ उशिरा, बी.कॉम. करताना कळले. चलन आणि बँकिंग या विषयाच्या निमित्ताने ग्रंथालयात बसू लागलो. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथमालेचा सहावा खंड तिथेच हाती लागला. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा प्रबंध त्यात आहे. १९२३ साली तो लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाला. इंग्रजी जड, विषय त्याहून जड. कोश शेजारी ठेवून वाचला. पूर्वी कोणीही टांकसाळीत चांदी घेऊन जावे आणि तिचे रुपये पाडून आणावेत अशी सोय होती. चांदीचा भाव जगभर घसरत गेला तसा रुपया घसरला आणि १८९३ साली सरकारने ती सोय बंद केली. रुपयाच्या मागे सोने असावे की सरकारचा शब्द, या वादात बाबासाहेबांनी तपशिलासह आपले मत मांडले आणि १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्षही दिली. आपल्या घरात ज्यांचा चेहरा भिंतीवर आहे, त्या माणसाने रुपयाचाच अभ्यास केला होता, हे समजल्यावर आईच्या पदरातला रुपया मला वेगळा दिसू लागला. तेव्हापासून हातातले सुट्टे पैसे मी उलटून पाहतो.

आता हा नाद एकट्याचा राहिलेला नाही. आमच्या हरसूलला पावसाचे चार महिने म्हणजे घरात कोंडून घेण्याचे दिवस. संध्याकाळी वीज जाते ती कधी येईल सांगता येत नाही. अशा वेळी नागलीची भाकर आणि खुरसणीची चटणी खाऊन झाली की धाकटा डबा आणून सतरंजीवर उपडा करतो. मोबाइलची बॅटरी लावायची आणि भिंगातून टांकसाळ ओळखायची. शंकरपाळे असले तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, गोल ठिपका असला तर नोएडा, काहीच नसले तर कोलकाता. धाकटा सातवीत आहे. भारताचा नकाशा त्याने पुस्तकातून पाठ केला की डब्यातून, हे सांगणे कठीण.

थोरलीचा ओढा वेगळा. तिने जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक काढले आणि नाण्यांची परीक्षा सुरू केली. आजचा स्टीलचा रुपया चटकन चिकटला. आजीचा १९९०चा रुपया चिकटेना. "पप्पा, यात लोखंड नाही का?" नाही, तो तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणाचा. मग १९४७चा जुना रुपया लावला, तो चिकटला. तो नुसत्या निकेलचा, आणि निकेललाही चुंबक ओढते. हे तिला शाळेत शिकवले होते, पण पटले ते सतरंजीवर.

या खेळात आईही सामील होते. तिच्या लहानपणी म्हाताऱ्या बाया आण्यांतच बोलत. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, पण तोंडातले आणे लगेच गेले नाहीत. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. एका आण्याचे चार पैसे आणि बारा पै. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै. नातवाला हा हिशेब बोटांवर करता येत नाही, आजीला येतो. युद्धाच्या काळात तांबे वाचवायला काढलेला भोकाचा पैसा आमच्याकडे दोन आहेत. ते पाहिले की ती सांगते, "हे पैशे दोऱ्यात ओवून पोरांच्या कमरेला बांधत." जिला कोणी कधी शाळेत बसवले नाही ती आजी त्या संध्याकाळी मास्तर असते आणि सातवीतला नातू तिच्यापुढे मांडी घालून बसतो. मला हे दृश्य फार आवडते.

आमच्याकडच्या आठवडे बाजारात पाड्यांवरच्या म्हाताऱ्या मावश्या येतात. त्यातल्या एखादीच्या गळ्यात अजून चांदीच्या रुपयांची माळ दिसते. एकदा थोरलीने धीर करून एका मावशीला विचारले, "मावशी, साल बघू का?" मावशीने माळ पुढे केली. पंचम जॉर्जचा छाप, साल १९१८. जुना चांदीचा रुपया वजनाने बरोबर एक तोळा, त्यात अकरा हिस्से चांदी आणि एक हिस्सा भेसळ. १९४० नंतरच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. थोरलीने हे सांगितले तेव्हा मावशी म्हणाली, "माझ्या सासूचे हायेत. दुकाळात चार इकले, चार ऱ्हाले." मुलगी घरी येईपर्यंत गप्प होती. नंतर म्हणाली, "पप्पा, तिची बँक तिच्या गळ्यात होती." बँकिंगचा पेपर मी तीन तास लिहिला होता, एवढे नेमके वाक्य मला सुचले नव्हते.

या छंदाचा एकदा गावालाही उपयोग झाला. दहा रुपयांची नाणी बंद झाली, ही खोटी, ती खरी, अशी आवई उठली आणि बाजारात कोणी ती घेईना. भाजी विकून उठलेल्या बायांच्या हातात नाणी तशीच राहू लागली. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी स्पष्ट केले होते की दहा रुपयांची चौदा प्रकारची नाणी आहेत आणि सगळी चालतात. बाबासाहेबांच्या १२५व्या जयंती वर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी प्रकाशित झालेले नाणेही दहा रुपयांचेच. आम्ही त्या पत्रकाची छायाप्रत काढली आणि मुलांनी ती दोन-तीन दुकानांत चिकटवली. लोकांनी लगेच ऐकले असे नाही. पण ज्यांनी वाचली त्यांनी नाणी घेतली.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. थोरली बारावी झाली. तिला औषधनिर्माणशास्त्राची पदविका करायची होती. त्यासाठी नाशिकला राहणे आले. शिष्यवृत्तीचे आणि स्वाधार योजनेचे अर्ज मी दुसऱ्यांच्या मुलांचे वर्षानुवर्षे भरून देतो. त्यामुळे एक गोष्ट ठाऊक होती. तो पैसा मागाहून येतो, पहिली भर घरातूनच घालावी लागते. वीस हजारांची जुळवाजुळव चालू होती. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते, पण लहान मुलांना भिंतीतून ऐकू येते.

एका रात्री धाकटा डबा घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "पप्पा, हे विका. ताईची फी भरा." त्याने मोबाइलवर चित्रफीत पाहिली होती. अमुक सालचे नाणे असेल तर लाखो रुपये मिळतात, खालच्या क्रमांकावर फोटो पाठवा. त्याने आजीच्या रुपयाचा फोटो काढून ठेवला होता, पाठवला नव्हता. आधी मला विचारायला आला होता.

मी त्याला जवळ बसवले आणि आम्ही दोघांनी डब्याचा हिशेब मांडला. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, ती बाजूला. उरलेल्यांची दर्शनी किंमत दोनशे सदतीस रुपये. मग बाबासाहेबांचा रुपया. अशी नाणी टांकसाळीने खूप पाडली. आजही सुट्ट्यांत एखादे येऊन जाते. जे सगळ्यांकडे आहे त्याचे लाख कोण देईल? मग चित्रफितीवाला काय मिळवतो? तो आधी नोंदणीचे पैसे मागतो, नंतर कराचे, नंतर पाठवणीचे. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही असे प्रकार झाले, म्हणून बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी लोकांना सावध केले. आपण असल्या खरेदी-विक्रीत नाही आणि त्यासाठी कोणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असे सांगितले. धाकट्याने सगळे ऐकले आणि विचारले, "मग आपला डबा बिनकामाचा?" मला पटकन उत्तर सुचले नाही.

उत्तर त्याच्या आईने दिले. ती शिलाई करते आणि गावातल्या बचत गटात आहे. ती म्हणाली, "दहा हजार मी गटातून उचलते. तू हिशेब कर." शेकडा दोन रुपये महिना व्याज, दरमहा हजार मुद्दल फेडायचे, व्याज उरलेल्या मुद्दलावर. धाकट्याने वहीत दहा ओळी आखल्या. पहिल्या महिन्याला दोनशे, मग एकशे ऐंशी, मग एकशे साठ. दहा महिन्यांचे व्याज अकराशे रुपये. "आई, अकराशे वाया!" ती म्हणाली, "वाया कसे? ते गटातच राहतात. उद्या दुसऱ्या बाईच्या पोरीला होतील." उरलेले मी भिशीतून आणि पगारातून घातले. थोरली नाशिकला गेली. शेवटचा हप्ता फिटला तेव्हा दहावी ओळ धाकट्यानेच खोडली.

डबा बिनकामाचा होता का? चुंबक, टांकसाळीच्या खुणा, आजीचे आणे, मावशीची माळ हे सगळे त्या वहीतल्या दहा ओळींच्या मागे उभे होते, असे मला वाटते. पैशाला न घाबरता त्याच्याकडे बघण्याची सवय मुलाला त्या सतरंजीवर लागली. आमच्या आधीच्या पिढ्यांनी पैसा पाहिला तो दुसऱ्याच्या हातात किंवा दुसऱ्याच्या वहीत. सावकार सांगेल तो आकडा आणि तो सांगेल तिथे अंगठा. ज्या घरातल्या मुलांना व्याज स्वतः काढता येते, त्या घराला फसवणे अवघड जाते.

वारसा म्हणून शेत, वाडा, दागिने देता येतील अशी आपल्यापैकी थोडीच घरे. पण प्रत्येक घरात चिल्लर असते. शर्टाच्या खिशात, मसाल्याच्या डब्यामागे, आजीच्या बटव्यात. पावसाच्या एखाद्या संध्याकाळी ती मुलांपुढे ओता. साल वाचायला सांगा, खूण शोधायला सांगा आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्या शेजारी बसवा. खर्च काही नाही. खेळ संपला की चिल्लर मोजून परत ठेवायची, एवढे मात्र मुलांकडूनच करून घ्या.